गुंगी दिल्यावर श्वासाकडे लक्ष कोणाचे?

भूलशास्त्राचा पाया घातला तो दंतवैद्यांनी. १८४४ मध्ये होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड, तर १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर वापरून दाखवले. तरीही अमेरिकेत दंत-भूलशास्त्राला स्वतंत्र शाखेची मान्यता मिळायला २०१९ उजाडले. आपल्याकडे एमडीएसमध्ये ही शाखा अजून नाही.

बहुतेकांना हिरडीतले इंजेक्शन पुरते. पण घाबरलेले लहान मूल किंवा बौद्धिक अक्षमता असलेला रुग्ण असेल, तर गुंगी द्यावी लागते. तेवढ्याच औषधाने एखादे मूल अपेक्षेपेक्षा खोल गुंगीत जाते आणि श्वास मंदावतो. त्यात दंतवैद्याचे काम श्वासाच्या वाटेवरच चालते. पाणी, रक्त घशात उतरू शकते. म्हणून मुलांना खोल गुंगी देताना, उपचार करणाऱ्याखेरीज केवळ रुग्णावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती हवीच, असे अमेरिकेतील बालरोग व बालदंतवैद्यक संघटनांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

शाखा सुरू होईल तेव्हा होईल. हा नियम पाळायला तिची वाट पाहण्याची गरज नाही. पालकांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे: गुंगी कोण देणार, लक्ष कोण ठेवणार, ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटर आहे का? दोन्ही कामे एकच डॉक्टर करणार असेल, तर थांबावे.