नवी रायफल की जुनी?

घरातील मूल एखाद्या विद्येत मागे पडू लागले, की दोष प्रथम साधनास दिला जातो. आमच्या घरीही नुकताच असा वाद उत्पन्न झाला. मात्र साधन होते पॉईंट बावीसची रायफल. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून आमच्या पुतणीस या विद्येचा ध्यास लागला आहे. मंडळाच्या जुन्या रायफलीने गुण वाढेनात, सबब नवी घ्यावी, असे तिचे म्हणणे. नवीची किंमत लाखांच्या घरात. आणि इकडे तीर्थरूपांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया तोंडावर आलेली. वहिनींनी आपल्या पाटल्या मोडावयाची तयारी दाखविली, तेव्हा मात्र आधी परीक्षा करावी असे आम्ही ठरविले.

मंडळाच्या एका वृद्ध सभासदांनी आपली नवी रायफल दुर्बिणीसह, स्वतःच्या समक्ष चालवून पाहण्यास दिली. वस्तुतः ऑलिंपिकच्या स्पर्धेत बंदुकीवर दुर्बीण लावण्यास मनाई आहे. मग ती कशास? तर माणसाचे दोष वजा करून बंदूक पारखण्यास. रायफलीचा दस्ता वाळूच्या पिशव्यांवर टेकवावा, दुर्बिणीतून नेम धरावा, आणि एका जागी पाच गोळ्या झाडाव्या. छिद्रे जितकी जवळ, तितकी बंदूक खरी.

नव्या रायफलीची पहिली पाच छिद्रे तळहाताएवढी पसरली! पुतणीचा चेहरा उतरला. सभासदांनी दुर्बीण हलवून पाहिली, तो बैठकीचा स्क्रू सैल. तो आवळला. पुढे त्यांनी डोळा किंचित डावीउजवीकडे हलवावयास सांगितले. तसा दुर्बिणीतील फुलीचा केंद्रही निशाणावरून सरकू लागला. भिंतीवरील घड्याळाचा काटा बाजूने पाहिल्यास वेळ चुकीची दिसते, त्यातलाच हा प्रकार. अंतराची कडी ५० मीटरवर आणताच फुली स्थिर झाली, आणि पुढची पाच छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.

तीच दुर्बीण जुन्या रायफलीवर चढविली. छिद्रे पुन्हा विखुरली. “पाहिलंत ना, काका?” पुतणी म्हणाली. सभासद शांतपणे म्हणाले, “काडतुसे तीच होती का, बाळ?”

नव्हती! नवीत स्पर्धेची, जुनीत स्वस्त आणि वेगवान काडतुसे होती. १८८७ साली प्रचारात आलेल्या या काडतुसाचे पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते. ते कमीअधिक पसरले, तर गोळीचा वेग बदलतो. स्पर्धेची गोळी सेकंदास सुमारे ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून थोडी कमी धावते, आणि तिच्या घडणीत अधिक काळजी घेतलेली असते. तरीही प्रत्येक बंदुकीस प्रत्येक घाणा मानवतोच असे नाही. म्हणून डब्यावरील क्रमांक टिपून ठेवावा लागतो.

स्पर्धेची काडतुसे घालताच जुन्या रायफलीचीही छिद्रे नाण्याखाली मावली.

नंतर दुर्बीण उतरवून, नेहमीच्या छिद्रदर्शकाने, पुतणीने उभ्याने दहा गोळ्या झाडल्या. निशाणाचा दहा गुणांचा गोल अवघा १०.४ मिलिमीटरचा, त्यात एकच शिरली. कागद हाती घेऊन ती बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “काका, आईला सांगा, पाटल्या राहू द्या. काडतुसे तेवढी चांगली आणू. बाकीचा दोष माझा आहे.”

त्या दिवशी खरेदी झाली ती काडतुसांच्या काही डब्यांची. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हा प्रयोगशाळेचा साधा नियम. तो पाळला नसता, तर सैल स्क्रूचा दोष बंदुकीवर, आणि काडतुसाचा भार वहिनींच्या पाटल्यांवर पडला असता. पुतणी आता रोज पहाटे अंगणात, गोळीवाचून, नुसती रायफलीच्या वजनाची काठी पेलून उभी राहते. तीर्थरूप ओसरीवरून घड्याळ धरतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांना सेकंदकाटाही स्पष्ट दिसतो.