पायचीत : पॅडची ढाल आणि अडीचशे वर्षांचा कायदा

१/ धागा
मराठी वृत्तपत्रांनी क्रिकेटला जे शब्द दिले, त्यांत ‘पायचीत’ मला सर्वांत नेमका वाटतो. ‘चीत’ हा आखाड्यातला शब्द. ज्याची पाठ मातीला लागली, तो चीत. येथे मात्र फलंदाजाला चीत करतो तो त्याचाच पाय. हा पाय यष्टीपुढे आला कसा आणि तो वाटेतून दूर कसा करावा, याचे उत्तर नेट्सइतकेच इतिहासातही सापडते.

२/ माझे मत आधीच मांडतो. ज्याला आपण ‘शास्त्रशुद्ध बचाव’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग त्या त्या काळच्या नियमातील पळवाटेवर उभा होता. पळवाटा बुजल्या, पण शिकवण पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. पायचीत टाळू पाहणाऱ्या तरुण फलंदाजाने म्हणूनच हा नियम कसा घडला, हे वाचले पाहिजे.

३/ १७४४च्या नियमावलीत पायचीत हा प्रकारच नव्हता. तेव्हा चेंडू जमिनीलगत घरंगळत येई आणि बॅट हॉकीच्या काठीसारखी वाकडी असे. ती फिरवायची तर यष्टीपासून जरा दूर उभे राहावे लागे. पुढे गोलंदाज चेंडूला टप्पा देऊ लागले, बॅट सरळ झाली, फलंदाज चेंडूच्या रेषेत आला. त्याच्यासोबत त्याचे पायही यष्टीपुढे आले.

४/ फेब्रुवारी १७७४मध्ये लंडनच्या ‘स्टार अँड गार्टर’ या खानावळीत नियमांची फेररचना झाली आणि पायचीत प्रथमच कायद्यात आला. अट मोठी रोचक होती : फलंदाजाने चेंडू अडवण्याच्या हेतूने पाय मध्ये घातलेला असावा. म्हणजे पंचाने चेंडू पाहायचा आणि फलंदाजाचे मनही वाचायचे! पुढे हेतूची अट गळाली आणि टप्प्याची आली. १८३९च्या नियमात चेंडूचा टप्पा दोन्ही यष्ट्यांच्या सरळ रेषेतच पडणे आवश्यक ठरले. ही चौकट जवळजवळ शंभर वर्षे टिकली.

५/ याच शतकात पॅड रुळले. उघड्या नडगीवर चेंडू घ्यायला कोणी धजत नसे. पॅड आल्यावर पायाची ढाल झाली. ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडून आत वळणारा चेंडू पॅडवर घ्यायचा, बॅट बाजूला ठेवायची; बाद होण्याची भीतीच नाही. १८८०च्या दशकात नॉटिंगहॅमशायरचा आर्थर श्रुसबरी या कलेत निष्णात मानला जाई. १९०१मध्ये नियम बदलण्याचा प्रस्ताव एमसीसीपुढे आला. बहुमत मिळाले, पण आवश्यक दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत.

६/ अखेर १९३५मध्ये प्रयोग झाला आणि १९३७मध्ये तो कायम झाला. टप्पा ऑफ स्टंपबाहेर पडला तरी फलंदाज बाद होऊ शकेल, असे ठरले. मात्र चेंडू पॅडला लागताना पॅड यष्टीच्या रेषेत असायला हवे. आत वळणाऱ्या चेंडूला यातून बळ मिळाले; त्यामुळे ऑफ साइडचे सुंदर फटके आटतील, अशी टीकाही झाली. पण एक फट उरलीच होती. पाय ऑफ स्टंपच्या बाहेर नेला तर?

७/ या फटीची खरी किंमत १९५७मध्ये एजबॅस्टनवर कळली. त्रिनिदादचा भारतीय वंशाचा फिरकीपटू सॉनी रामाधिन. मनगटापर्यंत बाह्या, आणि चेंडू कोणत्या बाजूला वळेल हे हातावरून ओळखता येत नसे. पहिल्या डावात त्याने ४९ धावांत ७ बळी घेतले आणि इंग्लंड १८६ धावांत संपले.

८/ दुसऱ्या डावात पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी त्याचा प्रत्येक चेंडू आत वळणाराच आहे असे गृहीत धरले, लांब पाऊल टाकून डावे पॅड ऑफ स्टंपबाहेर नेले आणि तेथे चेंडू पुन्हा पुन्हा अडवले. अपील होत राहिले, पंच नकार देत राहिले. भागीदारी ४११ धावांची. मे नाबाद २८५, काउड्री १५४. त्या डावात रामाधिनने ९८ षटके टाकली आणि त्याला मिळाले अवघे २ बळी. त्याचा पूर्वीचा दरारा त्यानंतर परतला नाही.

९/ मे आणि काउड्री यांनी फसवणूक केली काय? नाही. कायद्याने जे मोकळे ठेवले होते तेच त्यांनी वापरले. दोष कायद्याचा होता. १९७०च्या दशकात ही फट बुजवली गेली : फटका मारण्याचा प्रामाणिक प्रयत्न नसेल, तर चेंडू ऑफ स्टंपबाहेर पॅडला लागूनही फलंदाज बाद होऊ शकतो. १९८०च्या नियमावलीत हे पक्के झाले.

१०/ तरी एक आश्रय उरला होता : पंचाची शंका. पाऊल खूप पुढे असेल तर चेंडू यष्टीला लागेलच असे कोणता पंच छातीठोकपणे सांगणार? बॅट पॅडच्या आड ठेवून पुढे झुकायचे, म्हणजे प्रयत्नही दिसतो आणि शंकेचा फायदाही मिळतो. २००८पासून चाचणी होऊन २००९मध्ये रीतसर आलेल्या रिव्ह्यू पद्धतीने हा आश्रयही मोडला. लांब पाऊल टाकूनही चेंडू यष्टीवर जातो, हे पडद्यावर दिसू लागले. २०१२मध्ये अमिरातीत पाकिस्तानने इंग्लंडला ३-० असे हरवले. त्या मालिकेत सईद अजमलने २४ बळी घेतले, आणि दोन्ही संघांचे मिळून ४०हून अधिक फलंदाज पायचीत झाले.

११/ काही जाणकारांना वाटते की यंत्राने फलंदाजावर अन्याय केला. मला तसे वाटत नाही. १९८१ची मेलबर्न कसोटी आठवा. ७० धावांवर पायचीत दिलेल्या सुनील गावसकरांचे म्हणणे होते की चेंडू आधी बॅटला लागला. संतापाने ते चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर नेऊ लागले. व्यवस्थापकांनी चौहानांना अडवले म्हणून सामना वाचला आणि भारताने तो जिंकलाही. रिव्ह्यू असता तर दाद मागता आली असती. यंत्राने काढून घेतला तो केवळ पॅडमागचा आडोसा.

१२/ मग आज करावे काय? पहिले, पुढचा पाय चेंडूच्या रेषेत आडवा रोवू नये. पाय आडवा पडला की बॅटला त्याला वळसा घालून यावे लागते, आणि आत येणारा चेंडू तेवढा वेळ देत नाही. पाय रेषेच्या किंचित डावीकडे, पंजा गोलंदाजाच्या दिशेने उघडा, बॅट पॅडच्या पुढे. (डावखुऱ्यांनी दिशा उलटी समजावी.) दुसरे, डोके ऑफ साइडला कलंडू देऊ नये. डोके गेले की तोल जातो, आणि सरळ चेंडू लेगला वळवण्याचा मोह पायावर बेततो.

१३/ तिसरे, फिरकीपुढे अर्धवट पाऊल टाकू नये. एकतर टप्प्यापर्यंत पोहोचून बॅटने खेळावे, नाहीतर पूर्ण मागे जाऊन चेंडू वळू द्यावा आणि उशिरा खेळावा. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचा आत येणारा चेंडू तर मोठ्यांनाही सोडत नाही. २०१७च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात आमिरने आणि २०२१च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात शाहीन आफ्रिदीने रोहित शर्माला शून्यावर पायचीतच केले होते. नव्या चेंडूवर सरळ बॅटने गोलंदाजाच्या दिशेने खेळणे, हाच त्यावरचा सर्वांत जुना उपाय आहे.

१४/ ज्या मैदानावर रिव्ह्यू नाही, तेथे लांब पाऊल आजही पंचाची शंका मिळवून देते. मुलगा वाचतो, धावा करतो, प्रशिक्षकही खूश होतो. मग तो वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये जातो आणि तीच सवय त्याला पहिल्या तासात परत पाठवते. चूक त्याची कमी, त्याला १९५७चा धडा गिरवायला लावणाऱ्यांची अधिक.

१५/ १७७४च्या त्या मंडळींना फलंदाजाचे मन वाचणे जमले नसेल, पण त्यांची अपेक्षा साधी होती : चेंडू बॅटने खेळा. अडीचशे वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर नियम पुन्हा त्याच अपेक्षेजवळ आला आहे. उद्या नेट्समध्ये उतरलात तर दहा चेंडू फक्त एवढेच पाहा : आधी चेंडूपाशी काय पोहोचते, बॅट की पॅड?