यंत्र आहे, जाणकार कोठे?

कारखान्यात पाळी बदलते तेव्हा सुटणारा कामगार नोंदवहीत सही करतो, पण लगेच फाटकाकडे वळत नाही. येणाऱ्याला बाजूला घेऊन तो दोन गोष्टी सांगतो. अमुक पंप सुरू केल्यावर जरा थांबून मगच झडप उघड. तमुक काटा खरा आकडा दाखवीत नाही, त्यावर भिस्त ठेवू नकोस. सालवड-बोईसरच्या ज्या घरांतून तारापूर औद्योगिक वसाहतीत माणसे कामाला जातात, त्या घरांना हे नवे नाही. नोंदवहीत न मावणारे ज्ञान असे तोंडातोंडी पुढे जाते आणि कारखाना त्यावर चालतो. मात्र व्यवस्थापनाच्या हिशेबात या दहा मिनिटांना नाव एकच : गप्पा.

अशाच गप्पांवर चालणारा आणखी एक व्यवसाय आहे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांचे अवाढव्य हिशेब ज्या मोठ्या संगणकांवर होतात त्यांना मेनफ्रेम म्हणतात. पगारपत्रक किंवा व्याजाची आकारणी करणारा प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे. आणि ज्या मूळ प्रणालीच्या आधाराने हे सारे प्रोग्रॅम चालतात तिची निगा राखणारे सिस्टिम प्रोग्रॅमर वेगळे. पहिल्याला लेखनिक म्हटले, तर दुसरा कचेरीच्या इमारतीचा पाया सांभाळणारा मिस्त्री होय. सारे सुरळीत असेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही.

या मंडळींची चर्चा कशाची असते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. रात्री खात्यांची आकारणी चालू असताना काम मध्येच कोसळते आणि यंत्र एक खूण छापते : एस-शून्य-सी-सात. व्यवसायातले लोक तिला ‘सॉक सेव्हन’ म्हणतात. सोबत स्मृतिकोशाचा उतारा, म्हणजे डंप, येतो. पानेच्या पाने आकडे आणि अक्षरे. नवख्याला त्यात काही दिसत नाही. अनुभवी माणूस मात्र एका ठिकाणी ‘४०४०’ ही जोडी ओळीने आलेली पाहतो आणि म्हणतो, रकमेच्या जागी कोणीतरी कोरी जागा सोडली आहे. या यंत्रांच्या लिपीत कोऱ्या जागेचा संकेत ४० असा आहे, आणि कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. ज्या कारकुनाने उभे आयुष्य खतावण्या लिहिण्यात घालविले त्याला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही : रकमेच्या रकान्यात शून्य लिहिणे निराळे आणि रकाना मोकळा ठेवणे निराळे. माणूस मोकळ्या रकान्याकडे काणाडोळा करून बेरीज पुरी करतो. यंत्र अडून बसते. खुणेचा अर्थ पुस्तकात सापडतो. परंतु ती कोरी जागा कोणत्या शाखेच्या कोणत्या नोंदीतून आली असेल आणि पहाटेपूर्वी काम पुन्हा कोठून सुरू करावे, हे ज्याने पूर्वी एकदा निस्तरले आहे तोच सांगू शकतो.

ही देवाणघेवाण या धंद्याच्या जन्मापासूनची आहे. १९५५ साली अमेरिकेत आयबीएमच्या ७०४ या यंत्राच्या ग्राहकांनी ‘शेअर’ नावाची संस्था स्थापन केली ती याचसाठी. एकाने केलेला उपाय दुसऱ्याला फुकट मिळावा, एवढाच हेतू. त्या काळी प्रणालीची मूळ संहिताही ग्राहकाच्या हाती असे, ती वाचून दुरुस्ती करता येई. १९८३ मध्ये आयबीएमने ती देणे आवरते घेण्याचे धोरण जाहीर केले. संहिता मिटल्यावर तर समव्यावसायिकांच्या अनुभवावाचून गतीच उरली नाही.

आपल्याकडे या ज्ञानाची कसोटी त्याआधीच लागली होती. परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन आयबीएम १९७८ साली भारत सोडून गेली. कंपनी गेली, यंत्रे मात्र येथेच राहिली, आणि त्यांची देखभाल सरकारी मालकीच्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनकडे आली. निर्मात्याने पाठ फिरविल्यावर यंत्र चालते ठेवायचे, ही अवस्था बोईसरकरांना परकी नाही. अमेरिकी सहकार्याने उभारलेले तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून इंधन मिळणे अवघड होत गेले आणि १९८२ मध्ये फ्रान्सशी व्यवस्था करावी लागली. या ओढाताणीच्या काळातही आपल्याच अभियंत्यांनी केंद्र चालविले. परदेशी मार्गदर्शक हाताशी नसताना शेजारच्या सहकाऱ्याला विचारणे हेच विद्यापीठ ठरते, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

ती पिढी आता सेवानिवृत्त झाली आहे. मुंबई आणि पुण्यात बसून परदेशी बँकांच्या मेनफ्रेमची रात्रपाळी करणारी आपली मुलेमुली पुष्कळ आहेत. पण त्यांचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या नावे मांडला जातो, आणि वडीलधाऱ्या सहकाऱ्याजवळ बसून डंप वाचायला शिकण्याचा तास कोणाच्याच नावे मांडता येत नाही. तेव्हा तो तासच रद्द होतो. याचे पर्यवसान कशात होते, ते एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सी राज्यात दिसले. महामारीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि राज्यपाल फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. त्या वेळी सर्वांनी जुन्या भाषेला दोष दिला. आमच्या मते दोष भाषेचा नव्हे. जाणकार निघून जात असताना त्यांच्या जागी कोणाला तयार केले नाही, हा आहे.

मेनफ्रेम आता कालबाह्य झाली, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. स्टुअर्ट ऑल्सॉप या अमेरिकी पत्रकाराने १९९१ सालीच भविष्य वर्तविले होते की १५ मार्च १९९६ रोजी शेवटची मेनफ्रेम बंद होईल. ती तारीख आली आणि गेली. २०२५ मध्ये आयबीएमने या घराण्याचे झेड-१७ हे नवे यंत्र बाजारात आणले, आणि १९६४ च्या सिस्टिम-३६० साठी लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम त्या परंपरेतल्या यंत्रांवर अजून चालू शकतात. ज्या संगणकाने नोकऱ्या जातील म्हणून विमा आणि बँक कर्मचाऱ्यांनी एकेकाळी मोर्चे काढले, त्याच्याच जाणकारांची आज वाण पडावी, हा काळाचा विनोद म्हणायचा. असो.

पालघर-बोईसर परिसरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय क्वचितच भेटतो. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. विरारच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या निवृत्त सिस्टिम प्रोग्रॅमरांना महिन्यातून एक दिवस महाविद्यालयात बोलावणे त्यामुळे अशक्य नाही. त्यांनी व्याख्यान देऊ नये. एखादा जुना डंप मुलांपुढे ठेवावा आणि तो वाचताना आपण काय पाहतो, कशाकडे दुर्लक्ष करतो, ते बोलून दाखवावे. विद्यार्थ्यांनी ते मराठीतच, जसे ऐकले तसे, लिहून ठेवावे. पुढच्या तुकडीने त्यात भर घालावी. मराठी शिक्षकांचेही येथे काम आहे, कारण एखाद्या बिघाडाची हकीकत क्रमवार आणि नेमक्या शब्दांत लिहिणे हा भाषेच्याच अभ्यासाचा भाग आहे. कंपन्यांनीही नवख्याने जुन्याजवळ बसण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून मोजावा आणि त्याचा खर्च स्वतः सोसावा. वर्षाकाठी एक कोसळलेली रात्र वाचली तरी तो वसूल होईल.

कोट्यवधींचे यंत्र आणायचे कोठून, ही सबब पुढे येईलच. हर्क्युलिस नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम साध्या संगणकाला मेनफ्रेमचे सोंग घ्यायला लावतो, आणि त्यावर एमव्हीएस या प्रणालीची ३.८ ही जुनी आवृत्ती चालते. तीही फुकट मिळते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात पडलेला एखादा जुना संगणक त्यासाठी पुरेसा आहे.