मुलाचे आडनाव बदलताना

कल्याणच्या एका भगिनीने विचारले आहे, "तलाकला पाच वर्षे झाली. मुलगा सातवीत आहे. त्याचे वडील ना खर्च देतात, ना फोन करतात. मुलाला माझे माहेरचे आडनाव लावले तर गुनाह होईल का? आणि कायदा लावू देईल का?" ठाण्या-मुंब्र्याकडच्या आणखी काही भगिनींच्याही मनात हेच असेल, म्हणून उत्तर इथे देत आहोत.

आधी दीनची बाजू. सूरह अहजाबच्या ५व्या आयतीत मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारण्याचा हुकूम आहे. त्यानंतर हजरत जैद (रजि.) पुन्हा जैद बिन हारिसा म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे नसब बदलता येत नाही. पण आडनाव म्हणजे नसब नव्हे. आपल्या कोकणी घरांतली काझी, खतीब, मुकादम ही आडनावे कामावरून पडली. वडिलांचे नाव कायम ठेवून आडनाव बदलले तर नसब लपत नाही, असे आम्हाला वाटते. तरी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. वडिलांच्या जागी मामाचे किंवा दुसऱ्या शोहरचे नाव लिहिणे मात्र चूक आहे. आडनाव बदलले म्हणून मुलाचा खर्चाचा हक्क किंवा विरासतीतला हिस्साही जात नाही.

आता कायदा. वडील वारल्यावर मुलाचे आडनाव आई ठरवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले. पण तो खटला हिंदू कुटुंबाचा होता. आपल्या पर्सनल लॉमध्ये मूल आईकडे वाढले तरी वली वडील असतात. म्हणून वडील हयात असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी. ती मिळत नसेल तर १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात अर्ज करावा. याच कायद्याखाली २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती आईची बाजू मान्य केली, ती मुलाचे हित पाहून.

एक इशाराही द्यायला हवा. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे एका आईने जन्मनोंदीत फक्त आपलेच नाव ठेवण्याची मागणी केली. नवरा-बायकोच्या भांडणासाठी मुलाची जन्मनोंद वापरता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. तेव्हा आडनाव मागा, वडिलांचे नाव पुसायला जाऊ नका.

संमती किंवा हुकूम हाती आला की प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा. हा अर्ज ऑनलाइन होतो. मग शाळा, आधार आणि बँक. मुलगा शाळेत असतानाच हे उरकावे. शाळा सुटल्यावर दाखल्यातला बदल फार अवघड होतो. पासपोर्टसाठी तर २०१६ पासून आई किंवा वडील, एकाचे नाव पुरते.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

शेवटी, या भगिनीला एक विनंती. अर्जावर सही करण्याआधी मुलाला जवळ बसवून विचारा. बारा वर्षांच्या मुलाला आपल्या नावाबद्दल मत असते. तो "नको" म्हणाला तर थोडे थांबा. तुमचा राग रास्त असेल, पण ते आडनाव आयुष्यभर त्याला वागवायचे आहे.