गुरूचा शब्द आणि गणिताची कसोटी

रूपकाच्या सात मात्रांचे सारखे खंड पडत नाहीत. ते ३-२-२ असेच मांडावे लागतात. कारण सात ही मूळसंख्या. एक आणि स्वतः यांखेरीज तिला कोणी नि:शेष भागत नाही. अशीच एक ३९ अंकी संख्या आहे. १२७ वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा, त्यातून एक वजा करावा, की ती हाती येते.

पॅरिसचा मठवासी मारँ मेर्सेन याने १६४४ साली तिला मूळसंख्या म्हटले. तारेची लांबी, ताण आणि स्वर यांचे नियम सांगणारा तो हाच. तेव्हा तानपुरा जुळविणाऱ्यांना तो परका नव्हे. परंतु सिद्धता त्याने दिली नव्हती. ६७ दोनांवरून निघणारी संख्याही त्याने मूळच ठरविली होती.

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने कसोटी लावली: वर्ग करा, दोन वजा करा, तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्या, पुन्हा तेच. सुमारे सव्वाशे आवर्तनांनंतर बाकी शून्य आली आणि १२७ ची संख्या मूळ ठरली. ६७ ची मात्र त्याच्या कसोटीस उतरली नाही.

म्हणून मेर्सेनची थोरवी उणावली काय? मुळीच नाही. अशा मूळसंख्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

आमच्या घराणेदार मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. ‘वडिलांनी असेच सांगितले’ एवढ्यावर आपण शिष्याचा प्रश्न मिटवितो. दरबारी गवयाचा मुलगा या नात्याने त्या शब्दाचे मोल मी जाणतो. म्हणूनच म्हणतो, शिष्याने विचारले तर रागावू नये, गाऊन दाखवावे.