कव्वालीतला बेंजो आणि डिक डेलची गिटार

उरुसाच्या कव्वालीचं पोस्टर कधी नीट वाचून पाहा. वर दर्ग्याचं नाव, त्याखाली मोठ्या अक्षरांत कव्वालाचं, मुकाबला असेल तर दोघांचं. मग कमिटीचे सदर, सेक्रेटरी, खजिनदार, प्रमुख पाहुणे, आणि अगदी खाली मंडपवाला व साउंडवाला. बेंजो कोण वाजवणार, ढोलक कोणाची, हे कुठेही नसतं. रात्री दोनच्या सुमारास पेंगुळलेली मैफल जागी करतो तो बेंजोवाला. कव्वाल श्वास घ्यायला थांबला की मधली जागा तो भरून काढतो, तीही अशा वेगाने की नोटा उधळणाऱ्याचा हात वरच्या वर राहतो. नोटा मात्र कव्वालाच्या पुढ्यात पडतात.

हा विषय डोक्यात आला तो एका अमेरिकन अल्बममुळे. ‘ट्रायबल थंडर’ हे त्याचं नाव. साल 1993. वाजवणारा डिक डेल. हा सर्फ रॉकचा अल्बम. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून, तिच्यावर उभं राहून किनाऱ्यापर्यंत घसरत येण्याचा एक खेळ आहे, सर्फिंग. 1960 च्या आसपास कॅलिफोर्नियात हा खेळ खेळणाऱ्या पोरांच्या नाचासाठी जे संगीत तयार झालं ते सर्फ रॉक. त्याच्या मूळ प्रकारात गाणारा नसतोच. इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम, बस. ‘ट्रायबल थंडर’मध्येही जवळजवळ सगळं वाद्यांचंच काम आहे. ‘नायट्रो’ नावाची धून सुरू झाली की गिटारच्या जाड तारांवर हात असा चालतो की आपल्याला वाटावं, मागे कोणीतरी लागलंय.

डिक डेलने हा अल्बम केला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. 1961 आणि 1962 मध्ये ज्याने हा प्रकार उभा केला, तो मधली अनेक वर्षं जवळपास विसरला गेला होता. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, ‘पल्प फिक्शन’ हा सिनेमा आला. त्याच्या सुरुवातीला डेलची 1962 ची ‘मिसरलू’ वाजते, आणि जगाला हा माणूस पुन्हा आठवला.

आता या ‘मिसरलू’ची गोष्ट ऐका, कारण आपला संबंध तिथून सुरू होतो. डिक डेल हे रंगमंचावरचं नाव. खरं नाव रिचर्ड मन्सूर. वडिलांकडचं घराणं लेबनॉनचं. लहानपणी काकाने त्याला दरबुका शिकवला, म्हणजे आपल्या डफ-ढोलकीच्या जातीचं अरबी तालवाद्य. तोच काका ऊद वाजवायचा. ‘मिसरलू’ ही पूर्व भूमध्य समुद्राकाठची जुनी धून. ग्रीक, तुर्क, अरब सगळे तिला आपली म्हणतात. शब्दाचा अर्थ मिसरची, म्हणजे इजिप्तची मुलगी. डेलने ती काकाच्या उदावर ऐकली होती, आणि काका ती एकाच तारेवर वाजवायचा म्हणून यानेही गिटारच्या एकाच तारेवर, पण कितीतरी पट वेगाने वाजवली.

अरबी संगीतात या धुनीच्या सुरांना हिजाझकार म्हणतात. आपल्याकडे पेटीवर बसून हेच सूर काढा: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी. कोणताही संगीतशिक्षक सांगेल, हा भैरव थाट. आपल्याकडे पहाटे गायला जाणारा राग आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांचा नाच, दोन्हीचे सूर तेच. राग वेगळा, चलन वेगळं, हे मान्य. पण पायऱ्या त्याच. त्यामुळे ‘हे इंग्रजांचं संगीत, आपलं काय त्यात’ असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

हाताचं तंत्रही ओळखीचंच आहे. तार छेडली की तिचा आवाज लगेच विरतो. बासरीसारखा किंवा सारंगीसारखा तो लांबवता येत नाही. म्हणून ज्याला सूर धरून ठेवायचा असेल त्याला एकाच तारेवर वर-खाली, वर-खाली आघात करत राहावं लागतं. उदावर हे करतात, मेंडोलिनवर करतात, सतार-सरोदच्या झाल्यातही आघातांचा असाच पाऊस असतो. डिक डेलने याला वीज जोडली. लिओ फेंडर या कारागिराने त्याच्यासाठी जास्त ताकदीचे अॅम्प्लिफायर बनवले, कारण साधे तो वाजवून वाजवून जाळून टाकायचा. पुढे स्प्रिंगमधून आवाज फिरवून त्याला ओलसर घुमारा देणारं यंत्र आलं, आणि ऐकणाऱ्याला त्यात लाटा दिसू लागल्या.

आमचा बेंजो यापेक्षा वेगळं काय करतो? डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात पत्ती, आणि पोलादी तारांवर वर-खाली आघात. पिकअप लावला, वायर अॅम्प्लिफायरला जोडली की झालं. अमेरिकन बँजो, ज्याला गोल कातडं ताणलेलं असतं, तो हा नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा बाप जपानचा, ताइशोगोतो, 1912 मध्ये नागोया शहरात तयार झालेला. जपान म्हटलं की कामठीकरांना ड्रॅगन पॅलेस आठवतं. 1999 मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलेलं ते बुद्धविहार पाहायला लांबून लोक येतात. पण जपानची ही दुसरी देणगी त्याच्या कितीतरी आधी इथे पोहोचली. मुंबईत ती कोळीगीतांत, हळदीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ‘बेंजो पार्टी’ म्हणून वाजते. आपल्याकडे ती कव्वालीच्या मंचावर बसली.

कामठीला समुद्र नाही, कन्हान नदी आहे. पण सर्फ रॉकला तरी समुद्र कुठे लागतो? 2001 मध्ये ‘सॉनिक बुलेट्स’ हा गाजलेला सर्फ अल्बम करणारा ‘बँबी मोलेस्टर्स’ हा बँड क्रोएशियातल्या सिसाक या गावचा. तेही समुद्रापासून आत, नदीकाठचं गाव. मुंबईच्या सिनेमानेही हा आवाज वेळेवर ऐकला होता. 1965 चा ‘गुमनाम’ आठवा. सुरुवातीचं ते मुखवट्यातलं नाचगाणं. आवाज मोहम्मद रफींचा, संगीत शंकर-जयकिशनचं, पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा बँड. त्या गाण्यातली ती धावती गिटार सर्फच्याच घराण्यातली. 2001 मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन सिनेमाने सुरुवातीला तेच गाणं वापरलं आणि तिकडची पोरं वेडी झाली. रफीसाहेब सगळ्यांना माहीत. पण त्या काळच्या रेकॉर्ड काढून पाहा. गायकाचं नाव असतं, संगीतकाराचं असतं, गिटार कोणी वाजवली ते शोधूनही सापडत नाही. पोस्टरची आणि रेकॉर्डची सवय एकच.

माझं म्हणणं एवढंच आहे. तिकडे वाजवणाऱ्याला मधोमध उभं केलं, गाणाऱ्याला सुट्टी दिली, आणि त्यातून एक अख्खा प्रकार जन्माला आला. तेच कसब आपल्याकडे मंचाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलंय. त्याचं नाव नाही, अल्बम नाही, आणि आता हळूहळू तो माणूसही राहणार नाही. बेंजोवाल्याचा मुलगा आज मोबाइल दुरुस्त करतो किंवा गाडी चालवतो. बापाचा हात त्याला येत नाही आणि बापालाही तो द्यावासा वाटत नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील.

पहिला आपल्याच घरातला: गाणंबजावणं दीनमध्ये बसत नाही, ते संपलं तर चांगलंच. मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण या विषयावर आपल्या मोठ्यांमध्ये मतभेद होते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर, म्हणजे ऐकण्यावर, वेगळं प्रकरण लिहिलं. अटी घालून त्यांनी ऐकणं मान्य केलं. काही तंतुवाद्यांना नकार दिला, तो ती दारूच्या बैठकींची ओळख झाली होती म्हणून. अंदलूसचे इब्न हज्म तर मनाईच्या रिवायतींनाच कमजोर म्हणाले. दुसऱ्या बाजूलाही मोठे उलमा आहेत आणि त्यांचा आदर आहे. ज्याला ऐकायचं नाही त्याने खुशाल ऐकू नये. पण बाबा ताजुद्दीन याच कामठीत 1861 मध्ये जन्मले, आणि त्यांच्या नावाने नागपूरला आजही कव्वाली होते. त्या कव्वालीला आपण जातो, बेंजोवर डोलतो, आणि सकाळी त्याच माणसाला ‘बाजेवाला’ म्हणून खालच्या नजरेने पाहतो. यात दीन कुठे आला? मुलगी द्यायची वेळ आली की बाजेवाल्याचं घर टाळायचं आणि उरुसाला त्यालाच बोलवायचं, हा हिशेब जातीचा आहे. त्याला मजहबचं नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप आवाजाचा. शादीतल्या डीजेने मोहल्ल्याची झोप उडवली आहे, त्यात आणखी बेंजोची वकिली कशाला? आणि डिक डेल तर कानठळ्या बसवण्यासाठीच प्रसिद्ध होता. हे खरं आहे, तो प्रचंड मोठ्याने वाजवायचा. पण बॉलरूममध्ये, तिकीट काढून नाचायला आलेल्यांसमोर. आजाऱ्याच्या खिडकीखाली नव्हे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, तो डीजेला लावा आणि बेंजोलाही लावा. डीजेची गाडी मशिदीसमोर थांबवून बटण वाढवणाऱ्यांना आवरा आणि आपल्या वरातीतल्यांनाही आवरा. माझं दुखणं आवाजापेक्षा वेगळं आहे. डीजेवर जितका खर्च होतो त्यात चार वाजवणाऱ्यांची चूल पेटू शकते. डीजे आला की ते चौघे घरी बसतात, आणि गर्जना तेवढी वाढते.

नावाने पोट भरत नाही, असंही कोणी म्हणेल. तेही खोटं नाही. डिक डेलकडे नाव होतं, अल्बम होते, सिनेमाने दिलेली कीर्ती होती. तरी आजारपणाचा खर्च भागवण्यासाठी तो म्हातारपणी, शरीर साथ देत नसताना, गावोगाव वाजवत फिरला. 16 मार्च 2019 ला 81 व्या वर्षी तो गेला. म्हणजे नुसत्या कौतुकाने भागत नाही, व्यवस्था लागते. आपल्या राज्यात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी मानधनाची सरकारी योजना आहे. तिच्या अर्जासोबत काय लागतं? कलेच्या क्षेत्रात काम केल्याचे पुरावे. कात्रणं, फोटो, प्रमाणपत्रं. आता सांगा, ज्याने आयुष्यभर उरुसांत बेंजो वाजवला पण ज्याचं नाव एकाही पोस्टरवर नाही, एकाही बातमीत नाही, त्याने पुरावा कुठून आणायचा? पोस्टरवरची एक ओळ आपल्याला किरकोळ वाटते. त्या माणसाच्या म्हातारपणी तो कागद असतो.

म्हणून कमिटीवाल्यांना माझी विनंती साधी आहे. पोस्टरवर पाहुण्यांची यादी दोन नावांनी कमी करा आणि साथीदारांची नावं घाला. कार्यक्रम झाला की प्रत्येक वाजवणाऱ्याला तारखेसह, सहीशिक्क्याचं पत्र द्या. बिदागी कव्वालाच्या हाती एकगठ्ठा देण्याऐवजी साथीदारांचा आकडा आधी ठरवा. आणि मैफलीत दहा मिनिटं अशी ठेवा की ज्यात कोणी गाणार नाही, फक्त बेंजो आणि ढोलक. लोक उठून जातील ही भीती सोडा. शब्द नसलेल्या धुनीवर साठ वर्षं जग नाचतंय.

तरुणांना वेगळं सांगणं आहे. तुमच्या मोबाइलमध्ये ‘मिसरलू’ शोधा, मग ‘ट्रायबल थंडर’ ऐका, आणि तोच मोबाइल घेऊन मोहल्ल्यातल्या बेंजोवाल्या चाचांकडे जा. अॅम्प्लिफायर त्यांच्याकडे असेल. नागपुरात एक दिवसाचा स्टुडिओ चार मित्रांच्या वर्गणीत मिळतो. आधी पैशांचं बोलून घ्या, चाचांचा वाटा ठरवा, धुनींवर त्यांचं पूर्ण नाव लिहा. भैरवच्या सुरांतली एखादी धून त्यांना सहज येईल. ती जितक्या वेगाने वाजवता येते तितक्या वेगाने वाजवू द्या, मध्ये कोणी गाऊ नका. असे आठ-दहा तुकडे झाले की तो विदर्भातला बेंजोचा अल्बम असेल, आणि त्यावर वाजवणाऱ्याचं नाव सगळ्यात वर असेल.