वेतनश्रेणीची पंगत

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या घरी कार्य निघाले की मुहूर्त, कार्यालय आणि आचारी यांच्या जोडीला अलीकडे एक चौथी चिंता येऊन बसली आहे : स्वागतसमारंभात कोणाला कोठे बसवावे? ही चिंताच गैर आहे, असे माझे म्हणणे नाही. तीन-चारशे माणसांना आमंत्रण द्यावयाचे आणि आल्यावर त्यांना खुर्च्या शोधीत हिंडू द्यावयाचे, हे काही आतिथ्य नव्हे. माझा आक्षेप आहे तो ज्या मोजपट्टीने हा आराखडा आखला जातो तिच्यावर. ती मोजपट्टी वेतनश्रेणीची आहे, आणि आपण ती कचेरीतून उचलून मांडवात आणली आहे.

म्हैसुरात आपली मंडळी रेल्वेच्या कारखान्यात, अन्नतंत्र संशोधन संस्थेत, भारतीय भाषा संस्थेत, टपाल आणि हिशेब खात्यांत विखुरलेली आहेत. येथील रिवाजाप्रमाणे स्वागतसमारंभ बहुधा मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी होतो. कानडीत त्याला ‘आरतक्षते’ म्हणतात. आपणही हा रिवाज उचलला. पण त्यात आपली भर अशी की, पहिल्या रांगेत सोफे, त्यांवर पांढरे अभ्रे आणि नावांच्या चिठ्ठ्या, त्यामागे गादीच्या खुर्च्या, त्याहीमागे प्लॅस्टिकच्या. सोफे ‘अ’ गटासाठी, गाद्या ‘ब’ गटासाठी, आणि उरलेले सारे ‘क’ गटासाठी. जेवणाच्या वेळी वरिष्ठांकरिता पडद्याआड वेगळे मेज मांडले जाते, ते निराळेच!

या व्यवस्थेत काय घडते ते एका उदाहरणाने सांगतो. अशाच एका समारंभात वधूचे मामा, निवृत्त पोस्टमन, मिरजेहून रात्रभराचा प्रवास करून आले होते. गुडघे दुखतात म्हणून ते पुढच्या सोफ्यावर टेकले. पाचच मिनिटांत यजमानांच्या एका उत्साही सहकाऱ्याने येऊन “काका, ही जागा साहेबांची आहे” असे सांगितले. मामा निमूटपणे उठले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला हाताला धरून बोहल्याकडे नेण्याचा मान मात्र त्यांचाच होता! ज्याच्यावाचून विवाहाचे पाऊल पुढे पडत नाही, त्याला आदल्या संध्याकाळी बसण्यास जागा नसावी, याला काय म्हणावे?

आपण केंद्र सरकारचे नोकर आहोत. तेव्हा सरकारचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रपतींच्या सचिवालयाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मानक्रमाच्या तक्त्यात २६ पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर भारत सरकारचे सहसचिव आणि मेजर जनरल यांच्या दर्जाचे अधिकारी आहेत. आपल्या समारंभातील बहुतेक ‘साहेब’ या तक्त्यात मुळी येतच नाहीत! शिवाय हा क्रम राजकीय व औपचारिक समारंभांपुरता आहे, सरकारच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही, असे त्या तक्त्याच्या टीपेतच सांगितले आहे. सरकार जो क्रम आपल्या रोजच्या कचेरीतही लावीत नाही, तो आपण मुलीच्या लग्नात लावावा, ही कोणती राजनिष्ठा?

पंक्तिभेद हा शब्द आपल्याला नवा नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून केवढे वादळ उठले आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत कशी गेली, हे मराठी वाचकास सांगावयास नको. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला. छत्रपतीला जेथे बसण्यात कमीपणा वाटला नाही, तेथे इतरांच्या सोवळ्याला अर्थ उरला नाही. कोणी कोणाशेजारी बसावे या एका प्रश्नासाठी महाराष्ट्राने दोन-तीन पिढ्या निंदा आणि बहिष्कार सोसले. जातीची पंगत मोडण्यास एवढे सायास पडले असता, तिच्याच जागी पगाराची पंगत मांडताना आपला हात जराही अडखळू नये, याचे नवल वाटते.

“म्हैसूर हे दरबारी गाव, येथे मानपान पाहिलाच पाहिजे,” असेही एक समर्थन ऐकू येते. पण १८९७ साली राजकन्येच्या लग्नसमारंभात जुना राजवाडा आगीत भस्म झाला आणि १९१२ साली नवा पुरा झाला, त्या राजवाड्याचा दरबार हा राज्याचा व्यवहार होता. १९७१ साली संस्थानिकांची मान्यताही संपली. आणि याच म्हैसूरच्या विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद भूषविलेल्या कुवेंपूंनी १९६६ साली आपल्या मुलाचे लग्न ‘मंत्रमांगल्य’ या साध्या पद्धतीने लावले, हेही याच गावच्या परंपरेत मोडते. म्हैसूरकडून काही घ्यावयाचेच, तर दरबारच का घ्यावा?

दुसरे समर्थन अधिक खरे आहे, पण ते मोठ्याने कोणी बोलत नाही : साहेब रुसतील, आणि त्याचा परिणाम वार्षिक अहवालावर किंवा बदलीवर होईल. ही भीती मला परकी नाही. मी कारकून आहे, आणि या आराखड्यात माझी खुर्ची कोठे पडते हे मला ठाऊक आहे. म्हणून “हा जळतो” असे कोणी म्हटल्यास माझी हरकत नाही. पण त्या सोफ्यावरील अधिकाऱ्याकडे एकदा नीट पाहा. शेजारी तितक्याच अवघडलेला दुसरा अधिकारी, समोर छायाचित्रकार, बोलण्यास ओळखीचे कोणी नाही; पाव तासात नमस्कार करून तो निघून जातो. त्यालाही आपण पाहुणा केले नाही, शोभेची वस्तू केले. तो निवृत्त झाला म्हणजे पुढील वर्षी त्या सोफ्यावर त्याच्या जागी आलेला बसेल. मग आपण मान कोणाला दिला? माणसाला, की पदाला?

आणखी एका वर्गाचा विसर तर अगदी लाजिरवाणा आहे. ज्या कानडी शेजाऱ्यांनी आपल्याला कार्यालय मिळवून दिले, आचारी गाठून दिला, पहाटे उठून मोगऱ्याची फुले आणली, ते कोणत्याच गटात बसत नाहीत. म्हणून ते कोपऱ्यात एकटे बसतात. आपण त्यांच्या गावात पाहुणे आहोत, एवढे तरी ध्यानात असावे.

तेव्हा आराखडा जरूर करावा. पण मोजपट्टी बदलावी. पहिली रांग वृद्धांची, कमी ऐकू येणाऱ्यांची आणि दुरून प्रवास करून आलेल्यांची. त्यानंतर जवळचे आप्त. कानडी शेजाऱ्यांजवळ कानडी बोलता येणारे आपले दोघेतिघे मुद्दाम बसवावेत. अधिकाऱ्यांना त्यांच्या स्नेह्यांजवळ जागा द्यावी आणि यजमानाने स्वतः दोन शब्द बोलावेत. जेवणाची पंगत मात्र एकच असावी : जो आधी आला त्याला आधी केळीचे पान, पडदा नको, वेगळे मेज नको, आणि वाढपही सर्वांना एकाच क्रमाने.

याला खर्च लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. दिल्ली, हैदराबाद, कलकत्ता, जेथे जेथे हे मासिक वाचले जाते तेथील वाचकांपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी यंदा कार्य असेलच. त्यांनी आमंत्रितांची यादी करताना नावापुढे हुद्दा लिहूच नये. नाते लिहावे, वय लिहावे. मग कोणाला कोठे बसवावे, हे यादीच सांगेल.